नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद ज्याची त्याने ठेवावी, नाहीतर श्रेय भलतेच लाटतात.

हॉस्पिटलच्या लॅबसाठी नवं सॉफ्टवेअर आलं आहे. रक्त तपासलं की रिपोर्ट थेट स्क्रीनवर. ते सर्व्हरवर बसवायची जबाबदारी माझी, कारण सिस्टम इनचार्ज मी. संचालिकाबाईंनी १७ तारीख दिली आहे. मी मीटिंगमध्ये सर्वांसमोर म्हणालो, ५ तारीख धरा. लॅबवाल्या बाकड्यावरून कोणीतरी खोकलं. खोकणारी व्यक्ती माझी बायको होती. ही लॅब टेक्निशियन आहे. घरचं माणूस ऑफिसात असलं की असं व्हायचंच.

दुपारी २
स्टाफ मला पाठीमागे 'नेक्स्टसाहेब' म्हणतो असं कळलं. पुढचा उपसंचालक मीच, हे लोकांनीच ठरवलंय तर. ऐकू आलंच नाही असं दाखवलं.

दुपारी ४
सॉफ्टवेअरबरोबर नव्वद पानांचं पुस्तक आलंय. टायपिस्टबाईंनी ते जेवणाच्या सुट्टीत वाचून काढलं. अठ्ठावीस वर्षं नोकरी, विधवा, रिटायर व्हायला दोन वर्षं. वेळ जात नसेल. मला म्हणाल्या, साहेब, पान चारवर लिहिलंय, मुख्य सॉफ्टवेअरच्या आधी तीन गोष्टी बसवायच्या, त्याच क्रमाने, आणि प्रत्येकीनंतर मशीन बंद करून चालू करायचं. मी म्हणालो, बाई, पाया घातल्याशिवाय घर बांधत नाहीत हे मला माहीत आहे, तुम्ही टाइप करा. त्या 'बरं' म्हणाल्या. आवाजात आदर होता.

४ मार्च, मंगळवार. सकाळी १०.३०
पाया घालायला घेतला.

पहिली गोष्ट: सर्व्हरचे अपडेट्स. झाले. 'आत्ता रीस्टार्ट करू की नंतर?' असं विचारलं. नंतर. मशीनला सवडीने विचारायची सवय आहे, मला सवड नाही.

११.१०
दुसरी गोष्ट: एक पूरक पॅकेज, अमुक एका व्हर्जनचंच हवं म्हणे. माझ्या पेनड्राइव्हवर त्याच नावाचं होतं, सहा वर्षांपूर्वीचं. नाव तेच, कंपनी तीच. माणूस सहा वर्षांत बदलतो का? टाकलं.

११.३०
तिसरी: डेटाबेस. बावीस प्रश्न विचारले. बावीस वेळा नेक्स्ट. शेवटी लाल अक्षरात दोन ओळी आल्या, पण खाली 'फिनिश' होतं. फिनिश म्हणजे फिनिश.

११.४०
पान चारच्या तळाशी तीन चौकोन आणि 'वाचले, समजले, पूर्ण केले' असं छापलंय. तिन्हींत टिक, खाली सही. ७० मिनिटांत पाया. लोक उगीच आठवडे घालवतात.

५ मार्च, बुधवार. सकाळी ११
मुख्य सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. ७३ टक्क्यांवर थांबलं. मेसेज इंग्रजीत: आवश्यक घटक सापडला नाही.

अगदी खरं आहे. या खात्यात माझ्या हाताखाली एकही घटक दिलेला नाही, हे मी तीन वर्षं ओरडून सांगतोय. आता यंत्रसुद्धा तेच म्हणतंय. संचालिकाबाईंना दोन जागांसाठी अर्ज दिला. सोबत स्क्रीनचा फोटो जोडला.

दुपारी ३
परत ७३.

६ मार्च, गुरुवार. सकाळी १०
७३. ए.सी. चार डिग्री कमी केला. ७३. इलेक्ट्रिशियनला बोलावून प्लग बदलून घेतला. तो म्हणाला, साहेब, करंट न मिळता ७३ पर्यंत तरी कसं आलं असतं? अर्धवट शिकलेल्या लोकांना तर्क फार.

दुपारी १२
कंपनीच्या सपोर्टला फोन. एक बाई बोलल्या, वयाने तिशीच्या आतल्या. पहिलाच प्रश्न: सर, पान चार पूर्ण केलंत का? मी म्हणालो, सहीनिशी. दुसरा प्रश्न: प्रत्येक वेळी रीस्टार्ट केलंत? मी म्हणालो, अर्थात. मग म्हणाल्या, लॉगची फाइल पाठवा. त्यात सगळं लिहिलेलं असतं. ती कुठे असते हे विचारणं माझ्या पदाला शोभलं नसतं. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवला.

दुपारी १२.४०
त्यांचं उत्तर: सर, फोटोत फक्त तुमचं प्रतिबिंब दिसतंय.

७ मार्च, शुक्रवार
काढून टाकून परत टाकलं. अकरा वेळा. अकराही वेळा मुख्य सॉफ्टवेअर. पाया मी घातलेला आहे, तो तपासण्याचा प्रश्नच नाही.

टायपिस्टबाई चहाच्या वेळी दारात. म्हणाल्या, साहेब, ते मधलं पॅकेज जुनं तर नाही ना? पुस्तकात नंबर दिलाय. मी विचारलं, तुमचं टायपिंग संपलं का? म्हणाल्या, संपलं. मी जुनी रजिस्टरं परत टाइप करायला दिली.

१० मार्च, सोमवार. सकाळी १०.१५
सापडलं! पहिल्याच स्क्रीनवर कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'आवश्यक घटकांची तपासणी वगळा.' आठवडाभर ते तिथे होतं. सपोर्टवाल्या बाईंनी मुद्दाम लपवलं. त्यांना आपली गरज टिकवायची असते. वगळली.

१०.५०
७३... ७४... ८०... १००. हिरवी टिक. डोळे भरून आले. वेळ नोंदवून ठेवतो: १०.५३.

दुपारी १२
संचालिकाबाईंना कळवलं. सर्वांना चहा-बिस्किटं. लॅबमधून कोणीच आलं नाही. हिच्या वाटचं बिस्किट मीच खाल्लं.

एकाने विचारलं, चालवून पाहिलंत का? मी म्हणालो, हिरवी टिक आहे, आणखी काय पाहायचं?

दुपारी ३
मागचे दोर कापले की सैन्य लढतं. जुन्या सिस्टमचं मशीन फॉरमॅट केलं. परिपत्रकही काढलं: 'यापुढे लॅबचा कागदी रिपोर्ट ग्राह्य धरला जाणार नाही. रिपोर्ट फक्त स्क्रीनवर.' टायपिस्टबाईंनी टाइप करताना हात थांबवला. म्हणाल्या, साहेब, आधी चार दिवस दोन्ही चालू ठेवू या. मी म्हणालो, बाई, भीती माणसाला म्हातारं करते. त्या म्हणाल्या, मी म्हातारीच आहे. आणि टाइप केलं.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ९
उघडत नाही.

९.३०
हिरवी टिक आहे. उघडत नाही.

११
लॅबबाहेर माणसं जिन्यापर्यंत. ही आणि तिच्या दोघी सहकारी हाताने रिपोर्ट लिहितायत. परिपत्रकाचं उघड उल्लंघन. आज मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

संध्याकाळी ६
ही घरी आली ती बोटं गरम पाण्यात बुडवून बसली. म्हणाली, आज तिघींनी तीनशे दहा रिपोर्ट लिहिले. मी म्हणालो, हस्ताक्षर सुधारेल. आई हसली नाही. आई हल्ली ऐकू कमी येतं असं म्हणते.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १
संचालिकाबाईंनी बोलावलं. दार लावून घ्या म्हणाल्या. जुनं मशीन कोणाला विचारून फॉरमॅट केलं, नवं का उघडत नाही, शुक्रवारपर्यंत लेखी कारण द्या.

कारण. माणूस सरळ मनाने विचार करायला बसला की कारण आपोआप सुचतं. पुस्तक कोणी वाचलं? टायपिस्टबाईंनी. व्हर्जनचे नंबर कोणाला माहीत होते? त्यांना. म्हणजे त्यांना सर्व्हरमध्ये रस होता. रस असलेला माणूस हात लावल्याशिवाय राहतो का? लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्याने अधिकार नसताना सर्व्हर हाताळल्याने पूर्वतयारी बिघडली असावी.' 'असावी' हा शब्द घातलाय. मी कोणावर खोटा आरोप करणारा माणूस नाही.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी ११
टायपिस्टबाईंची बदली तळघरात. शवागाराच्या रजिस्टरवर. चौकशी होईपर्यंत.

डबा, चष्म्याचं घर आणि खुर्चीवरची उशी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. विचारलं, साहेब, तुम्ही खरंच असं लिहिलंत? मी म्हणालो, वरून आलंय. त्या म्हणाल्या, वरच्या कागदावर तुमची सही आहे. मी म्हणालो, खाली थंडावा असतो, उन्हाळा सुखात जाईल. चांगला शब्द सांगितला. त्यांनी उशी छातीशी धरली होती, म्हणून हात जोडता आले नसावेत.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ८
हिला कळलं. बायकांचं खातं वेगळं असलं तरी बातमी एकच.

आज बॅग भरून दारात उभी. म्हणाली, त्या बाईंनी माझ्या बाळंतपणात तीन महिने डबा आणला होता, आणि तू त्यांना मुडदे मोजायला पाठवलंस. लग्नाला बावीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा 'तू' म्हणाली. इतक्या वर्षांनी जवळीक वाढली म्हणायची.

बहिणीकडे जातेय म्हणाली. मी म्हणालो, हवापालट उत्तम. जाताना आईच्या पाया पडली, बराच वेळ. मग मला: आईंची रक्ततपासणी सोमवारी. त्यानंतर रिपोर्ट पाहिल्याशिवाय रक्त पातळ करायची गोळी द्यायची नाही. जास्त पातळ झालं तर आतून रक्त जातं. कळलं का? मी म्हणालो, कळलं. म्हणाली, काय कळलं ते सांग. मी म्हणालो, मी काय शाळकरी पोर आहे?

आईच्या हृदयाची झडप नऊ वर्षांपूर्वी बदलली. तेव्हापासून त्या गोळीचं हीच बघते. फ्रिजवर तक्ता आहे. एवढंसं काम आणि केवढा बडेजाव.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२
आईचे गुडघे दुखतायत. माझ्या कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ. लगेच आराम. हिला नऊ वर्षांत हे सुचलं नाही.

आईने विचारलं, सुनेला विचारलंस का? मी म्हणालो, गोळी ती गोळी. आई म्हणाली, हिरडीतून जरा रक्त येतंय रे. ब्रश मऊ आणायला हवा.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ९.१५
आज नवी सिस्टम सुरू व्हायची तारीख. सुरू नाही. पण तारीख माझी नव्हतीच, माझी ५ होती.

आईचं रक्त देऊन आलो. हिने स्वतः काढलं. माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या दंडावरचा काळा डाग बघून विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली, टेबलाला लागलं असेल.

दुपारी २.१०
हिचा फोन. घेतला नाही.

दुपारी २.१५
परत. घेतला नाही. तीन दिवसांत राग उतरला तर.

दुपारी २.३०
तिसरा! पार वितळली आहे. पण लगेच उचलला तर किंमत राहत नाही. दोन दिवस तापू दे. मेसेजही आलेत, तत्त्व म्हणून उघडले नाहीत.

दुपारी ४
लॅबचा शिपाई बंद पाकीट घेऊन आला. म्हणाला, मॅडमनी सांगितलंय, साहेबांच्याच हातात द्यायचं आणि वाचल्याची सही आणायची. कागदी रिपोर्ट, परिपत्रकानंतर सातव्या दिवशी! शिवाय आत माफीनामा असणार, आणि तो शिपायासमोर उघडणं बरं नाही. रजिस्टरवर 'वाचले, समजले' लिहून सही केली. पाकीट ड्रॉवरमध्ये. सिस्टम सुरू झाली की रिपोर्ट स्क्रीनवर पाहीनच.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ८.४५
आईला गोळी दिली. कंबरेचीही दिली. आई म्हणाली, पोटात कसंतरी होतंय, आज घरीच थांबतोस का? मी म्हणालो, आई, सगळं हॉस्पिटल माझ्यावर अवलंबून आहे. आई म्हणाली, हो, ते आहेच.

१.२०
हिने सही पाहून विश्वास ठेवला होता. सकाळी आम्ही आलो नाही, चैन पडेना म्हणून जेवणाच्या सुट्टीत घरी गेली, तिच्याकडे किल्ली आहे. आई बाथरूमच्या फरशीवर. उलटीत रक्त.

२.००
आत नेलंय.

३.४०
बाहेरच्या बाकावर बसलोय. पाकीट उघडलं. माफीनामा नाही. हिच्या अक्षरात आकडा, त्याला लाल पेन्सिलने दोनदा गोल. खाली: 'रक्त हवं त्याच्या दुपटीहून जास्त पातळ. गोळी ताबडतोब बंद. उद्या सकाळी आईंना घेऊन ये. मी दारात थांबते.'

हस्ताक्षर वाईट आहे. तीनशे रिपोर्ट लिहिले की होतं.

१९ मार्च, बुधवार
चार बाटल्या रक्त. शुद्धीवर आहे.

ही एकदाच म्हणाली, सरका, स्ट्रेचर जायचंय. परत 'तुम्ही'वर आली.

२० मार्च, गुरुवार. सकाळी १०
संचालिकाबाईंनी कंपनीचा माणूस बोलावला. सपोर्टवाल्या बाईच आल्या. हातात डबा, पाठीला बॅग. सर्व्हरसमोर बसल्या, लॉगची फाइल उघडली. पाचव्या सेकंदाला.

म्हणाल्या, सर, पहिला रीस्टार्ट झालेलाच नाही. तुम्ही फोनवर 'अर्थात' म्हणाला होतात. मी म्हणालो, मला वाटलं मशीन स्वतःहून करतं. त्या पुढे वाचत गेल्या: पॅकेज सहा वर्षं जुनं, आणि त्या लाल ओळींत डेटाबेस अर्धवट बसल्याचं लिहिलं होतं. त्यांनी पान चार उघडलं, माझी सही पाहिली, पान उलटं करून ठेवलं. सगळं काढलं. पहिली गोष्ट, रीस्टार्ट. दुसरी, रीस्टार्ट. तिसरी, रीस्टार्ट. मधल्या वेळात डबा खाल्ला. मला एक घास विचारला.

११.३५
चालू. ९५ मिनिटं, त्यात जेवण.

मी म्हणालो, बरंचसं काम मी आधी करून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, हो सर, तेच काढायला वेळ लागला.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी १२
कबुलीजबाब द्यायचाय, टाइप करून, तीन प्रती. चौकशी समितीचं टायपिंग कुठे होतं विचारलं, तर तळघरात. बाई सोमवारपासून वर येणार आहेत, आज तिथेच.

मी अर्धवट कच्ची प्रत पुढे ठेवून उभ्यानेच सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. 'सदर कर्मचाऱ्याने सर्व्हरला कधीही हात लावला नव्हता' या वाक्यावर मी थांबलो. पुढे काय लिहावं सुचेना. त्यांनी चष्म्यावरून पाहून विचारलं, पूर्णविराम देऊ?

मी हो म्हणालो. मग म्हणालो, बाई, चूक झाली. त्या म्हणाल्या, 'चूक'मध्ये च ला दीर्घ ऊकार, तुम्ही कच्च्या प्रतीत ऱ्हस्व काढलाय, मी सुधारला आहे. तीन प्रती काढून, कडा जुळवून, टाचणी लावून दिल्या. वर येताना जिना मोजला. तेवीस पायऱ्या आहेत.

दुपारी ४
माझी बदली पार्किंगमध्ये. गाड्यांचं सॉफ्टवेअर नाही, रजिस्टर आहे. संचालिकाबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिथे कोणाला इजा होणार नाही. स्टाफपैकी कोणी खोकलंही नाही.

२२ मार्च, शनिवार. सकाळी १०
पार्किंगचा चौकीदार कामाची माहिती देताना सहज म्हणाला, तुम्हीच ते नेक्स्टसाहेब ना, न वाचता बटण दाबणारे? मी म्हणालो, हो.

२४ मार्च, सोमवार. सकाळी ११.२०
आईला सोडलं. ती हिच्या बहिणीकडे जाणार, हे दोघींचं आधीच ठरलेलं होतं. मी घर झाडून ठेवलं होतं, मऊ ब्रशही आणला होता. आई म्हणाली, राहू दे, पुढे बघू.

घरी पाठवण्याआधी डॉक्टरबाई खाटेवर टेकून औषधं समजावत होत्या. विचारलं, आजी, घरी गोळ्या कोण देतं? आई म्हणाली, सून. डॉक्टर म्हणाल्या, ती कामावर असेल तेव्हा? मी पुढे झालो. म्हणालो, मी मुलगा. मला सांगा, मी लिहून घेतो. वही पेन आणलं होतं. खरंच आणलं होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. आवाज बारीक होता, पण राग नव्हता. साखर कुठल्या डब्यात आहे ते सांगावं तशी म्हणाली, त्याला नका सांगू. तो हो म्हणतो, पण त्याला कळत नाही. लहानपणापासून तसाच आहे. मनाने वाईट नाहीये.

डॉक्टर म्हणाल्या, बरं. हिला जवळ बोलावून पहिल्यापासून सांगायला लागल्या. ही एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होती.

मी आईची पिशवी धरून उभा होतो.